ढगाखालचं ऊन आणि तीन थरांचं पॅनेल

आषाढात गगनबावड्याकडून ढग चढून आले की कोल्हापुरात चार-चार दिवस अंगणात सावली पडत नाही. अशा दिवसांत छतावरचं सौर पॅनेल काय करत असेल? ‘आमचं ढगाळ हवेतही चालतं’ असं सांगणारा विक्रेता भेटतोच. त्याचं म्हणणं खोटं नाही, पण अर्धं आहे.

ऊन पांढरं दिसलं, तरी त्यात सगळे रंग असतात. निळ्या प्रकाशाच्या कणात ऊर्जा जास्त, तांबड्यात कमी. एकच पदार्थ या सर्वांचा सारखा उपयोग करू शकत नाही. म्हणून एकावर एक ठेवलेल्या चाळण्यांसारखे तीन थर देण्याची युक्ती निघाली. वरचा अस्फटिक सिलिकॉनचा थर निळा प्रकाश टिपतो; जर्मेनियम मिसळलेले खालचे दोन थर हिरवा आणि तांबडा. नेहमीची सिलिकॉनची चकती सुमारे १५० मायक्रॉन जाड असते. हे तिन्ही थर मिळून जेमतेम एक मायक्रॉन भरतात.

खरी मेख पुढे आहे. हे थर एकापुढे एक जोडलेले असतात. पाण्याच्या पाइपलाइनला तीन जोड असले, तर सगळ्यात अरुंद जोडातून जाईल तेवढंच पाणी शेतात पोचतं, विजेचंही तसंच. संध्याकाळच्या तांबूस उन्हात वरचा थर उपाशी राहतो, ढगाळ निळसर उजेडात खालचा. म्हणजे थर वाढवले की पॅनेल कुठल्याही उजेडात चालेल, असं मुळीच नाही.

मग ढगाळ हवेची कीर्ती कुठून आली? अस्फटिक सिलिकॉन मंद उजेडात तग धरतं. ट्यूबलाइटखाली चालणारा कॅल्क्युलेटर त्याच्याच जोरावर चालतो. शिवाय ते उष्णतेला कमी बधतं. एप्रिलात पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापलं, तर साध्या पॅनेलची क्षमता सुमारे १५ टक्के घटते, याची ८ टक्क्यांच्या आसपास.

पण पहिल्या काही महिन्यांत उन्हानंच याची ताकद काहीशी उतरते. स्टेब्लर आणि व्रॉन्स्की यांनी हे १९७७ मध्ये दाखवलं. कार्यक्षमताही सहा ते आठ टक्केच. आजची साधी पॅनेल्स वीस टक्के ओलांडतात. त्यामुळे तेवढ्याच विजेला अडीच-तीन पट छत लागतं. अशी पॅनेल्स बनवणारी, स्टॅनफर्ड ओव्हशिन्स्की यांनी स्थापलेली अमेरिकन कंपनी २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली.

पातळ थरांचं शास्त्र मात्र आपल्या गावाला परकं नाही. शिवाजी विद्यापीठात डॉ. सी. डी. लोखंडे यांनी द्रावणात काच बुडवून, तर डॉ. पी. एस. पाटील यांनी तापलेल्या काचेवर द्रावण फवारून थर चढवण्याचं काम वर्षानुवर्षं केलं. महागडी निर्वात यंत्रं त्याला लागत नाहीत.

पॅनेल घेताना एक लक्षात ठेवा. त्यावर छापलेले वॅट प्रयोगशाळेतल्या भर उन्हाचे, २५ अंश तापमानाचे असतात. दाट ढगांत उजेडच दहाव्या हिश्शावर येतो, तिथं कुठलंच पॅनेल जादू करत नाही. विक्रेत्याला विचारायचं ते वर्षाचे युनिट. सध्या सिलिकॉनवर पेरोव्स्काइटचा थर देऊन प्रयोगशाळेत ३३ टक्क्यांपलीकडे मजल गेली आहे. आपल्याकडच्या पावसात आणि उन्हात तो थर पंचवीस वर्षं टिकतो, हे अजून कुणी दाखवलेलं नाही.