हिशेबाच्या वहीत ६६९ मुले

आकड्यांत रमणारी माणसे मनाने कोरडी असतात, असा एक समज आहे. जमा-खर्च आणि व्याज-बट्ट्यात ज्याचा जन्म गेला त्याला भावनांशी काय देणे-घेणे, असे आपण सहज बोलून जातो. ब्रिटनच्या सर निकोलस विंटन यांचे आयुष्य पाहिले की हा समज किती पोकळ आहे ते कळते. तरुणपणी बँकेत आणि शेअर बाजारात तयार झालेले, दुसऱ्या महायुद्धात हवाई दलाचा गणवेश चढवलेले आणि पुढे अनेक वर्षे कंपन्यांचे आर्थिक व्यवहार सांभाळणारे विंटन १ जुलै २०१५ रोजी वयाच्या १०६ व्या वर्षी निवर्तले. त्यांनी ६६९ मुलांचे प्राण वाचवले होते. पण ही गोष्ट जगाला कळली तेव्हा त्यांची अठ्ठ्याहत्तरी उलटली होती.

सहलीचा बेत रद्द

विंटन यांचा जन्म १९ मे १९०९ रोजी लंडनमध्ये झाला. आईवडील मूळचे जर्मन ज्यू. इंग्लंडमध्ये आल्यावर त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. निकोलस यांनी हॅम्बुर्ग, बर्लिन आणि पॅरिसच्या बँकांत उमेदवारी केली आणि लंडनला परतून ते शेअर दलाल झाले. तलवारबाजीचा त्यांना मोठा शौक होता.

डिसेंबर १९३८ मध्ये ते स्वित्झर्लंडला बर्फावरील खेळांसाठी निघायच्या तयारीत होते. तेवढ्यात मित्र मार्टिन ब्लेक यांचा प्रागहून निरोप आला : सहल रद्द कर आणि इकडे ये. म्युनिक करारानुसार चेकोस्लोव्हाकियाचा सीमाप्रांत हिटलरच्या घशात गेला होता. तिथून पळालेली कुटुंबे प्रागच्या आसपास छावण्यांमध्ये ऐन थंडीत दिवस काढत होती. डोरीन वॉरिनर ही इंग्रज बाई मोठ्यांच्या सुटकेसाठी धडपडत होती. जर्मनी आणि ऑस्ट्रियातील मुलांना ब्रिटनमध्ये आणण्याची मोहीम सुरू झाली होती. पण प्रागच्या मुलांकडे पाहायला कोणी नव्हते.

विंटन यांनी हॉटेलातच टेबल मांडले आणि याद्या करायला घेतल्या. बातमी पसरताच आईबापांची रीघ लागली. स्वतःचे काय व्हायचे ते होवो, पण लेकराला तरी बाहेर काढा, एवढेच त्यांचे मागणे होते.

रात्रीचे कार्यालय

तीन आठवड्यांनी विंटन लंडनला परतले. दिवसा शेअर बाजार आणि संध्याकाळी मुलांचे काम, असा त्यांचा दिनक्रम सुरू झाला. हाताशी आई आणि मोजके स्वयंसेवक. निर्वासितांसाठी काम करणाऱ्या एका समितीच्या कागदांवर त्यांनी ‘बालविभाग’ असे शब्द छापून घेतले आणि स्वतःच त्याचे मानद सचिव बनले!

सरकारी अट कडक होती. प्रत्येक मुलासाठी सांभाळणारे कुटुंब हवे आणि परतीच्या खर्चाची हमी म्हणून ५० पौंड हवेत. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. विंटन यांनी मुलांच्या फोटोंची कार्डे छापून घरोघर पाठवली. लोकांनी फोटो पाहायचे आणि मूल निवडायचे. हा काय बाजार मांडला आहे, असे काहींनी सुनावले. विंटन मात्र डगमगले नाहीत. मूल लवकर सुटते आहे ना, एवढेच ते पाहत होते.

पहिली तुकडी १४ मार्च १९३९ रोजी प्रागहून निघाली. दुसऱ्याच दिवशी जर्मन फौजा शहरात शिरल्या. त्यानंतरही ऑगस्टच्या आरंभापर्यंत एकामागून एक अशा एकूण आठ तुकड्या लंडनला पोहोचल्या. प्रागच्या बाजूने ट्रेव्हर चॅडविक या शिक्षकाने मोठा धोका पत्करला होता. खरे धाडस चॅडविक आणि वॉरिनर यांचे, मी तर लंडनमध्ये सुरक्षित होतो, असे विंटन शेवटपर्यंत सांगत राहिले.

नववी गाडी १ सप्टेंबर १९३९ रोजी सुटायची होती. तीत सुमारे २५० मुले होती. त्याच दिवशी हिटलरने पोलंडवर हल्ला केला, सीमा बंद झाल्या आणि गाडी सुटलीच नाही. त्या मुलांपैकी जवळजवळ कोणीही युद्धातून वाचले नाही.

युद्ध आणि संसार

युद्ध सुरू झाले तेव्हा विंटन यांनी शस्त्र हाती घ्यायला नकार दिला आणि ते रेडक्रॉसच्या रुग्णवाहिकेवर गेले. फ्रान्सचा पाडाव होताना डंकर्कहून त्यांची सुटका झाली. मग त्यांचे मत पालटले आणि ते हवाई दलात दाखल झाले. तिथे शिपाईपदापासून सुरुवात करून ते अधिकारी झाले.

युद्धानंतर त्यांच्या हिशेबी डोक्याला एक भयंकर काम मिळाले. नाझींनी लुटलेला आणि दोस्तांच्या हाती लागलेला ऐवज विकून वाचलेल्यांसाठी पैसा उभा करायचा होता. त्या ऐवजात दागिने होते, घड्याळे होती आणि माणसांच्या तोंडातून काढलेले सोन्याचे दातसुद्धा होते!

पुढे पॅरिसच्या बँकेत हिशेबाचे काम करणाऱ्या डेन्मार्कच्या ग्रेटा यांच्याशी त्यांची गाठ पडली. १९४८ मध्ये दोघांचे लग्न झाले आणि लंडनजवळच्या मेडनहेड या गावी त्यांनी घर केले. त्यांना तीन मुले झाली. धाकटा रॉबिन जन्मतःच डाउन सिंड्रोमचा होता. त्या काळी अशा मुलांना संस्थेत ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जाई. विंटन दांपत्याने तो मानला नाही आणि रॉबिनला घरीच वाढवले. सहाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी मेंदूज्वराने रॉबिन गेला. हा घाव विंटन यांच्या मनाला कायमचा लागला. पण दुःख कवटाळून न बसता त्यांनी गावात अशा मुलांच्या पालकांना आधार देणारी संस्था उभी केली. वृद्धांसाठी घरे चालवण्याच्या कामातही ते वर्षानुवर्षे राबले. १९८३ मध्ये त्यांना पहिला सरकारी सन्मान मिळाला तो या वृद्धसेवेबद्दल. मुलांच्या सुटकेचा तिथे उल्लेखही नव्हता.

वही उघडली

सुटकेचे काम थांबले तेव्हा एका सहकाऱ्याने सारी पत्रे, फोटो आणि मुलांची यादी एका वहीत चिकटवून विंटन यांना दिली होती. ती घरातच पडून राहिली. ती माळ्यावर पत्नीला अचानक सापडली, अशी कथा रूढ आहे. पण १९५४ च्या नगरपालिका निवडणुकीच्या पत्रकात त्यांनी स्वतःच या कामाचा ओझरता उल्लेख केला होता, असे त्यांची कन्या बार्बरा यांच्या चरित्रग्रंथावरून दिसते. म्हणजे त्यांनी काही लपवले नव्हते. झाल्या कामाचा गाजावाजा करणे त्यांच्या स्वभावात नव्हते, इतकेच.

अखेर वही संशोधक एलिझाबेथ मॅक्सवेल यांच्या हाती गेली. फेब्रुवारी १९८८ मध्ये बीबीसीच्या कार्यक्रमात विंटन प्रेक्षकांत बसले होते. यांच्यामुळे ज्यांचा जीव वाचला असे कोणी इथे आहे का, असे विचारले गेले आणि त्यांच्या सभोवतीचे कितीतरी स्त्री-पुरुष उभे राहिले. एकेकाळची ती मुले आता आजी-आजोबा होऊ लागली होती. विंटन यांनी चष्मा सरकवून डोळे पुसले.

त्या मुलांत पुढे चित्रपट दिग्दर्शक झालेले कारेल राइझ होते आणि ब्रिटिश संसदेत गेलेले आल्फ डब्स होते. बहुतेकांचे आईवडील मात्र छळछावण्यांत संपले होते. अशांना म्हातारपणी का होईना, विंटन यांच्या रूपाने एक वडीलधारे माणूस मिळाले. २००९ मध्ये प्रागहून निघालेल्या खास आगगाडीने त्यांपैकी काही जण लंडनला आले, तेव्हा शंभर वर्षांचे विंटन फलाटावर त्यांच्या स्वागताला उभे होते.

केवळ कोणाचे वाईट न करणे म्हणजे चांगुलपणा नव्हे, अडलेल्याला शोधत जाणे म्हणजे चांगुलपणा, असे ते मानत. ते गेले तो दिवस १ जुलैचा. बरोबर ७६ वर्षांपूर्वी याच तारखेला त्यांची सर्वांत मोठी तुकडी प्रागहून निघाली होती. त्या गाडीत २४१ मुले होती.