आधी काकडा, मग गॅस : महाप्रसादाच्या भट्टीविषयी थोडेसे



गणेशोत्सव जवळ आला की आपल्याकडे याद्या सुरू होतात. तांदूळ किती, तूप किती, वाढायला कोण. भट्टीची आठवण मात्र त्याच दिवशी सकाळी होते. म्हणून हा लेख.

काही वर्षांपूर्वी इथेच फ्रीगंजमध्ये महाप्रसादाच्या सकाळी मी आधी गॅस सोडला आणि मग काडी ओढू लागलो. भाद्रपदातली दमट हवा, काडेपेटी सादळलेली. तिसरी काडी पेटली तेव्हा मोठा भडका उडाला. शेजारी उभ्या भाच्याच्या भुवया जळाल्या. डोळे वाचले, हे नशीब. चूक सर्वस्वी माझी. बँकेत आयुष्यभर रोख दोनदा मोजणाऱ्याने इथे एकदाही विचार केला नव्हता. एलपीजी, म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचे मिश्रण, हवेपेक्षा जड असते. ते वर उडून जात नाही, जमिनीलगत साठते.

म्हणून पहिला नियम : आधी काकडा पेटवून बर्नरजवळ धरा, मगच गॅस हळूहळू सोडा.

जोडणी आदल्या संध्याकाळीच करावी. पंगतीसाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा, १४.२ किलोचा लाल सिलिंडर घरच्या स्वयंपाकापुरताच असतो. मोठ्या भट्टीला जास्त दाबाचा रेग्युलेटर आणि त्याच दाबाची जाळीदार नळी लागते. घरची नळी तिथे लावू नये. सिलिंडर उभा आणि भट्टीपासून लांब ठेवावा. आडवा केला तर वायूऐवजी द्रवच नळीत शिरतो. सगळ्या सांध्यांना साबणाचे पाणी लावून बघा. बुडबुडा आला म्हणजे गळती. काडी लावून कधीही तपासू नये.

आता ज्योत. भट्टीला दोन गोष्टींनी आवरायचे असते : गॅसचा दाब आणि हवा. गॅस बारीक छिद्रातून जोराने निघतो आणि बर्नरच्या मागच्या फटीतून हवा ओढून घेतो. त्या फटीवरची चकती फिरवून हवा कमी-जास्त होते. ज्योत पिवळी, लांब आणि पातेल्याचे बूड काळे करणारी असेल तर हवा कमी पडते, चकती उघडा. ज्योत बर्नरवरून उचलली जाऊन घोंघावत असेल तर हवा जास्त आहे. चकती थोडी मिटा. निळी, स्थिर, बर्नरला चिकटलेली ज्योत बरोबर. दाब बदलला की हवा पुन्हा बघावी लागते. मसालेभाताच्या आधणाला मोठी आच, तांदूळ शिजत आले की मंद, तेव्हा दोन्ही वेळा चकतीकडे लक्ष द्या. आच फार कमी केल्यावर ज्योत आत शिरून फटफट आवाज आला, तर गॅस बंद करा, बर्नर थंड होऊ द्या आणि मग पुन्हा पेटवा.

सिलिंडरवर बाहेरून दव किंवा बर्फ दिसला तर घाबरू नका. आतला द्रव वायू होताना उष्णता शोषतो. दोन मोठ्या भट्ट्या एकाच सिलिंडरवर चालवल्या की तो गारठतो आणि ज्योत मलूल होते. त्यावर गरम पाणी ओतू नये. दुसरा सिलिंडर घेऊन भट्ट्या वेगळ्या कराव्यात.

पाऊस आला म्हणून भट्टी चारी बाजूंनी ताडपत्रीने झाकू नये. वर आडोसा, बाजू मोकळ्या. काम संपल्यावर आधी सिलिंडर बंद करा, नळीतला गॅस जळून जाऊ द्या, मग बर्नरची चावी. वास आला तर ज्योती विझवा, विजेचे बटण दाबू नका, माणसे बाहेर काढा आणि मोकळ्या जागी जाऊन १९०६ वर फोन करा.

यंदा महाप्रसादाच्या आदल्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात असेन. तरुण मंडळींनी यावे, सगळे हाताने करून बघावे. भाचाही येणार आहे. काकडा आता तोच धरतो.