सॉफ्टबॉलमध्ये बॅट हातात असते, पण फटका पुढच्या पायावर का ठरतो?

भातकापणी उरकली की कर्जत-खालापूर पट्ट्यातली शेतं पुढचे काही महिने मैदानं होतात. नेरळहून कळंबकडे जाताना सुट्टीच्या दिवशी कुठल्या ना कुठल्या शेतात टेनिस बॉलची मॅच लागलेली असतेच. या मॅचमधला हुकमी शॉट सगळ्यांना पाठ आहे. पुढचा पाय बाजूला काढायचा, मागच्या पायावर रेलायचं आणि बॉल लेगला ओढायचा. नीट बसला तर थेट बांधापलीकडे.

आता असाच एखादा पोरगा किंवा पोरगी शाळेच्या सॉफ्टबॉल टीममध्ये येते. नजर चांगली आहे, हातात ताकद आहे, फटक्याची हौस तर आहेच. तरीही बॉल एकतर सरळ वर उडतो, नाहीतर दोन टप्पे खात पिचरच्या हातात जातो. बाहेरून सर ओरडतात, "पुढचा पाय! पुढचा पाय!" पण त्या पायाचं नेमकं करायचं काय, हे मात्र कुणी सांगत नाही.

तेच समजून घेऊ. उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी पुढचा पाय म्हणजे डावा आणि डावखुऱ्यासाठी उजवा, एवढं लक्षात ठेवा.

पण याने फरक काय पडतो?

महाराष्ट्रात सॉफ्टबॉल आणि बेसबॉल हे दोन्ही शालेय स्पर्धांमधले खेळ आहेत. जिल्हा, विभाग, राज्य अशी वाट आहे. नियमात बसणारी कामगिरी झाली तर दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळतात. पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्यात २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेट आणि बेसबॉल-सॉफ्टबॉल हे दोन्ही परत येतायत.

म्हणजे गावातल्या मुलांसाठी हा टाइमपास नाही. आणि यात येणारी बरीच मुलं क्रिकेटमधूनच येतात. येताना क्रिकेटचा पायही सोबत घेऊन येतात. अडचण तिथेच होते.

क्रिकेटचा पाय इथे का चालत नाही?

पहिलं कारण, टप्पा. क्रिकेटमध्ये बॉल बहुतेक वेळा जमिनीवर पडून येतो. म्हणून ड्राइव्ह मारताना पाय बॉलच्या टप्प्याजवळ नेतात आणि गुडघा वाकवून त्यावर झुकतात. सॉफ्टबॉलमध्ये टप्पाच नाही. स्ट्राइकचा बॉल हवेतूनच, साधारण गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीवर येतो. झुकायचं कशासाठी?

दुसरं कारण, जागा. सॉफ्टबॉलमध्ये बॅटरचा चौकोन ७ फूट लांब आणि ३ फूट रुंद असतो. बॉलला बॅट लागली त्या क्षणी अख्खा पाय रेषेबाहेर टेकलेला असेल तर बॅटर आउट. पुढे सरसावून सिक्स मारायची सोय नाही.

तिसरं कारण, दिशा. क्रिकेटमध्ये बॉल मागे गेला तरी रन मिळतो. इथे होम प्लेटपासून निघणाऱ्या दोन रेषांमधल्या ९० अंशांतच मारावं लागतं. बाहेर गेला की फाउल.

चौथं कारण, बॅट. क्रिकेटची बॅट जास्तीत जास्त १०.८ सेंटिमीटर रुंद असते. सॉफ्टबॉलची बॅट गोल असते आणि तिचा व्यास ५.७ सेंटिमीटरच्या वर जात नाही. म्हणजे जवळपास निम्मी, त्यात गोलाकार. अंग थोडंही हललं की बॉल बॅटच्या वरच्या किंवा खालच्या भागाला लागतो.

आणि वेळ? महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचर ४३ फुटांवरून, म्हणजे साधारण १३ मीटरवरून बॉल टाकते. ताशी १०० किलोमीटरचा बॉल तेवढं अंतर अर्ध्या सेकंदाच्या आत कापतो. तेवढ्यात बघायचं, ठरवायचं आणि मारायचंही.

मग पुढचा पाय नेमकं काय करतो?

एका शब्दात सांगायचं तर, ब्रेक मारतो.

एसटीत उभे आहात आणि ड्रायव्हरने अचानक ब्रेक मारला, तर काय होतं? पाय बसच्या फरशीबरोबर थांबतात आणि वरचं अंग पुढे फेकलं जातं. फटक्यातही असंच होतं. बॅटर एक छोटं पाऊल टाकून आपलं वजन पिचरकडे नेतो. पुढचा पाय जमिनीत रोवला जातो आणि पुढे चाललेलं अंग अडवतो. पण बॅटर समोर पडत नाही, तो गोल फिरतो. कारण पुढची बाजू अडलेली असते आणि मागची बाजू अजून पुढे येत असते. दार बिजागरीवर फिरतं ना, तसंच. पुढचा पाय आणि त्या बाजूचा खुबा ही बिजागरी झाली. बिजागरी ढिली असेल तर कितीही जोर लावा, दार नीट फिरत नाही.

हा जोर किती असतो? १९९५ साली बेसबॉलच्या बॅटरांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात पुढच्या पायाने जमिनीवर दिलेला दाब शरीराच्या वजनाच्या सुमारे १२३ टक्के भरला. हेच प्रमाण धरलं तर ५० किलो वजनाच्या खेळाडूच्या एका पायावर ६१ किलोंच्या वर भार येतो.

त्याच अभ्यासात पुढची साखळीही दिसली. कंबर सेकंदाला सुमारे ७१४ अंश वेगाने फिरली. त्यानंतर खांदे ९३७ अंशांपर्यंत गेले. शेवटी बॅटचा वेग सेकंदाला ३१ मीटर, म्हणजे ताशी साधारण ११२ किलोमीटर झाला. जमिनीपासून सुरू झालेला वेग प्रत्येक टप्प्यावर वाढत वर गेला. हात या साखळीत सगळ्यात शेवटी येतात.

हे आपण आधीच पाहिलंय

नीरज चोप्राचा टोकियोतला ८७.५८ मीटरचा थ्रो आठवा. धावत येऊन भाला सोडण्याआधी तो डावा पाय पुढे ताठ रोवतो. सगळा धावण्याचा वेग त्या पायावर अडतो आणि खांद्यातून भाल्यात जातो. जसप्रीत बुमराहचा बॉल सोडतानाचा फोटो काढून बघा. त्याचाही पुढचा गुडघा सरळ दिसेल.

भाला, बॉल आणि बॅट, तिन्ही ठिकाणी तत्त्व एकच. खाली थांबा, म्हणजे वरचं सुटेल.

चार टप्प्यांत समजून घ्या

१. छोटं पाऊल. पिचरच्या हातातून बॉल सुटायच्या सुमारास पुढचा पाय उचलायचा आणि थोडासाच पुढे ठेवायचा. पाऊल लांब पडलं की डोकं खाली जातं आणि नजर हलते.

२. हलकं टेकणं. आधी चवडा टेकतो, तोही पायाच्या आतल्या कडेने. या क्षणी वजन अजून मागच्या पायावरच असतं. सॉफ्टबॉलमध्ये पिचर वेग बदलून फसवतो. वजन आधीच पुढे गेलं असेल तर हळू आलेल्या बॉलवर मारायला काही शिल्लक राहत नाही.

३. टाच टेकणं. टाच खाली आली की फटका सुरू. पायाची बोटं प्लेट आणि पिचर यांच्या मधोमध, साधारण तिरकी असावीत. बोटं पूर्ण पिचरकडे वळली तर कंबर आधीच उघडते. पूर्ण प्लेटकडे राहिली तर कंबर अडते आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो.

४. गुडघा सरळ होणं. टेकताना गुडघा किंचित वाकलेला असतो. बॅट बॉलकडे येते तसा तो सरळ होत जातो आणि खुब्याला मागे ढकलतो. त्याच धक्क्याने कंबर फिरते. बॉल लागून गेल्यावर पाय बाहेरच्या कडेवर कलंडला तरी हरकत नाही. फिरण्याचा जोर जिरायला त्याने मदतच होते.

मग सगळे खेळाडू वेगवेगळे का दिसतात?

जपानचा सदाहारू ओह बॉल येईपर्यंत फ्लेमिंगोसारखा एका पायावर उभा राहायचा. त्याने कारकिर्दीत ८६८ होम रन मारले. शोहेई ओहतानी २०१८ मध्ये अमेरिकेत गेल्यावर पाय उंच उचलणं सोडून फक्त चवडा टेकवायला लागला. सुरुवात दोघांची वेगळी, पण बॉल लागतो त्या क्षणी दोघांचाही पुढचा पाय भक्कम.

अपवादही आहेत. सॉफ्टबॉलमधले काही डावखुरे बॅटर धावत-धावतच बॉलला टपली मारतात आणि पहिला बेस गाठतात. तिथे पाय रोवायचा प्रश्नच नाही, कारण त्यांना लांब मारायचंच नसतं.

गुडघा सांभाळा

"पाय सरळ कर" हे ऐकून मुलं एक चूक हमखास करतात. ती पाय आधीच ताठ करून जमिनीवर आदळतात. अशा वेळी सगळा धक्का थेट सांध्यावर जातो. वाकून टेकायचं आणि मग सरळ व्हायचं, हा क्रम महत्त्वाचा. गुडघा मागच्या बाजूला ताणून लॉक करायचा नाही.

दुसरी गोष्ट जमिनीची. कापणीनंतर शेतात भाताची खुंटं असतात, भेगा असतात. पुढचा पाय तिथे पडला की घोटा मुरगळतो. म्हणून सरावाआधी बॅटर उभा राहतो तेवढी दोन-तीन पावलांची जागा तरी खुंटं काढून, ठोकून सपाट करून घ्यावी. चपलेवर सराव करू नये. आणि गुडघा दुखत असताना "चालतंय" म्हणून खेळत राहू नये.

टर्फ नाही, मशीन नाही, मग सराव कसा?

जुन्या मोज्यात बॉल घालून तो दोरीने झाडाच्या फांदीला टांगा, कंबरेच्या उंचीवर. पाऊल टाका, चवडा टेकवा आणि तिथेच थांबा. मनात "एक" म्हणा. मग टाच खाली आणि फटका. थांबल्यावर तोल पुढे जात असेल तर वजन आधीच सुटलंय, हे तुमचं तुम्हालाच कळेल.

मग मित्राला मोबाईल द्या आणि समोरून स्लो मोशन शूट करायला सांगा. व्हिडिओ तीन ठिकाणी थांबवा. चवडा टेकला तेव्हा डोकं दोन्ही पायांच्या मधे आहे का? टाच टेकली तेव्हा हात अजून मागेच आहेत का? बॉल लागला तेव्हा पुढचा गुडघा सरळ होतोय का, की पुढे वाकतच चाललाय? तिसऱ्या जागी गुडघा वाकत असेल, तर तुमची ताकद जमिनीतच मुरतेय.

आणि शेतातल्या सिक्सचं काय?

पाय बाजूला काढणं क्रिकेटमध्ये चूक नाही. त्याने हात फिरवायला जागा मिळते. पण नीट पाहिलं तर चांगला हिटर पाय नुसता काढत नाही. तो काढून रोवतो आणि मग मारतो. ज्युलियन वूड या इंग्लिश कोचने बेसबॉलमधल्या हिटिंगच्या कल्पना क्रिकेटमध्ये आणल्या आणि २०२२ मध्ये त्याने आयपीएलमध्ये पंजाब किंग्जसोबत कामही केलं.

म्हणजे सॉफ्टबॉलसाठी शिकलेला पाय शेतातल्या मॅचमध्ये वाया जात नाही. तो बाजूला पडला तरी चालेल, फक्त बॉल लागताना तो पळत नसावा.