स्टॅट्सचं पुस्तक आणि शेणव्याचं भातखाचर

परीक्षेच्या आदल्या रात्री स्टँडर्ड डेव्हिएशनचा फॉर्म्युला पाठ करताना तुम्हीही कधीतरी वैतागून म्हणाला असाल, ‘याचा आयुष्यात काय उपयोग?’ उत्तर हवं असेल, तर भात कापणीला आला की शहापूर तालुक्यातल्या शेणव्याच्या बाजूला एक चक्कर मारा.

एखाद्या खाचरात दोरी, खुंट्या आणि वजनकाटा घेऊन सरकारी कर्मचारी उतरलेले दिसले, तर थांबा. तो असतो पीक कापणी प्रयोग. खाचरातला एक तुकडा मनाने नाही, तर चिठ्ठी काढल्यासारखा रँडम निवडायचा. दोरीने आखायचा, तेवढाच भात कापून झोडायचा आणि वजन करायचं. अशा मोजक्या तुकड्यांवरून अख्ख्या भागाचं सरासरी उत्पन्न ठरतं आणि पीक विम्याच्या भरपाईसाठीही तो आकडा वापरला जातो. म्हणजे आकडा फुगला की नुकसान होऊनही शेतकऱ्याच्या हातात कमी पडू शकतं.

ही पद्धत देशात रुजवणाऱ्यांत एक मराठी माणूस आघाडीवर होता. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म 1911 चा, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. फर्ग्युसनमधून पदवी, मग थेट लंडन. तिथे नेमन आणि पिअर्सन यांच्या सहवासात संशोधन, 1936 मध्ये पीएचडी. हो, तुमच्या हायपोथिसिस टेस्टिंगच्या धड्यातले तेच नेमन-पिअर्सन!

भारतात परतल्यावर 1940 मध्ये ते कृषी संशोधन परिषदेत गेले. तेव्हा एक वाद रंगला होता. कापायचा तुकडा केवढा असावा? कोलकात्याच्या महालनोबिस यांचा कल छोट्या तुकड्यांकडे होता, कारण त्यात खर्च आणि वेळ वाचतो. सुखात्म्यांनी दाखवून दिलं, की तुकडा फार छोटा असला तर उत्पन्न जास्त भरतं.

का? दोरीवरच उभा असलेला चूड आत धरायचा की बाहेर? हात आपोआप आत ओढतो. एक मीटरच्या चौकोनात एका चौरस मीटरमागे चार मीटर कड येते. दहा बाय पाचच्या तुकड्यात तीच कड फक्त 60 सेंटिमीटर. कड जास्त, तर चूकही जास्त. बेरीज-गुणाकाराच्या पलीकडे यात काही नाही, पण खाचरात उतरल्याशिवाय सुचणारही नाही.

पुढे ते रोमला, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत, संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. जगात उपाशी किती, हा प्रश्न तिथे त्यांच्यासमोर आला. त्या काळी ‘गरीब देशांत प्रोटीन कमी पडतं’ असं सगळे म्हणत. सुखात्म्यांचं म्हणणं सरळ होतं: आधी पोटभर खायला द्या. पोट रिकामं असेल, तर शरीर प्रोटीनही इंधनासारखं जाळून टाकतं.

निवृत्तीनंतर पुण्यात आणखी एक वाद झाला. एकाच माणसाचं खाणं आणि गरज रोज बदलते, म्हणून सरासरी कॅलरीची एक रेघ मारून त्याखालच्या सगळ्यांना कुपोषित ठरवू नका, असं ते म्हणाले. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांनी त्याला कडाडून विरोध केला. रेघ खाली आली, तर खरे उपाशी लोक मोजणीतूनच गायब होतील, ही भीती होती. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर अंगणवाडीत बाळाचं वजन होतं, तेव्हा हाच प्रश्न समोर असतो. कुणाला रेघेखाली धरायचं? त्यावर एका पोराचा आहार ठरतो.

सुखात्म्यांना 1971 मध्ये पद्मभूषण मिळालं, 1997 मध्ये ते गेले. त्यांच्या नावाने केंद्र सरकारने संख्याशास्त्रज्ञांसाठी राष्ट्रीय पुरस्कार सुरू केला.

आता तुमचं काम. कापणी प्रयोग गावकऱ्यांसमोर व्हायचा असतो. यंदा तुमच्या गावात झाला, तर मोबाइल खिशात ठेवून जा. तुकडा खरंच रँडम निवडला का बघा. दोरी ताणलेली आहे का बघा. आणि कडेचा चूड आत ओढला गेला, तर बिनधास्त विचारा, ‘साहेब, हा आत कसा?’ तुमचं स्टॅट्स तिथे कामाला येईल.