तीन स्क्रू आणि एक हिरवी रेषा

बेलापूरच्या एका वाचकाचा प्रश्न आहे: परावर्ती दुर्बिणीतून चंद्र झकास दिसतो, मग गुरूचे पट्टे पुसट का? बहुधा आरशांची जुळवणी, म्हणजे कोलिमेशन, बिघडली असावी. खोक्यावर ‘५०० पट’ छापलेले असते, पण जुळवणी चुकलेली असेल तर पुसटपणाही तेवढाच मोठा होतो.

झाकणाला मधोमध बारीक भोक पाडून ते आयपीसच्या जागी बसवा. तिरका दुय्यम आरसा असा कलवा की मुख्य आरशाचा पूर्ण गोल दिसेल. मग मागचे तीन स्क्रू थोडे थोडे फिरवून भोकाचे प्रतिबिंब आरशाच्या मध्यखुणेवर आणा. रात्री ध्रुवतारा लावा. तो जागचा फारसा हलत नाही आणि बेलापुरात क्षितिजापासून साधारण साडेएकोणीस अंशांवर सापडतो. फोकस किंचित बिघडवला की दिसणारी वलये एककेंद्री हवीत. दुर्बीण जितकी आखूड तितकी नाजूक: नाभीय अंतर व्यासाच्या ८ पट असेल तर निर्दोष प्रतिमेचे क्षेत्र सुमारे ११ मिलिमीटर रुंद असते, ५ पट असेल तर जेमतेम पावणेतीन!

हे लिहिताना खगोलशास्त्रज्ञ कावसजी दादाभाई नायगमवाला आठवतातच. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून त्यांनी वेधशाळा उभारली. तिथली २० इंची परावर्ती दुर्बीण तेव्हा देशात सर्वांत मोठी होती. त्या काळी आरशाच्या काचेवर चांदीचा मुलामा असे. तो काळवंडला की आरसा उतरवा, मुलामा द्या, पुन्हा जुळवा. मृगातल्या तेजोमेघाचा अंधुक प्रकाश वर्णपटमापकाच्या अरुंद फटीवर आणायचा, तर ही मेहनत टळत नाही.

त्या प्रकाशाच्या वर्णपटातल्या ठळक हिरव्या रेषेवरून तेव्हा वाद पेटला होता. ती मॅग्नेशियमची, असे ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर म्हणत. तसे असते तर रेषेची एक कड विरत गेलेली दिसली असती. १८९१च्या सुमारास पुण्यातून नायगमवालांनी पाहिले, तर रेषा दोन्ही बाजूंनी रेखीव! वेधशाळा उभारताना ज्यांचा सल्ला घेतला, त्याच लॉकियर यांच्या विरोधात त्यांनी हे निरीक्षण छापले. १९२७ मध्ये अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आयरा बोवेन यांनी ती रेषा ऑक्सिजनची असल्याचे दाखवले. लॉकियर यांचे नाव हेलियमच्या शोधामुळे घरोघरी पोचले. नायगमवालांचे पुण्यातही पोचू नये, याचे मला वाईट वाटते. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली.