गुणाकारात लपलेला वंश

अमेरिकेत मूत्रपिंडं निकामी होण्याचं प्रमाण कृष्णवर्णीयांत गोऱ्यांच्या तिप्पटीहून जास्त आहे, आणि त्यामागचं सर्वांत मोठं कारण मधुमेह. असा आकडा दिसला की जनुकाकडे बोट दाखवायची घाई होते. 2010 मध्ये एपीओएल-1 या जनुकाचा मूत्रपिंडविकाराशी संबंध उघड झाला. त्याची कथा आहेही झकास: पश्चिम आफ्रिकी वंशजांत आढळणारे त्याचे बदल निद्रारोगाच्या परजीवीशी लढतात, पण आई आणि वडील दोघांकडून आले तर मूत्रपिंडांवर उलटतात. मात्र त्यांचा खरा दणका मधुमेहाशी संबंध नसलेल्या विकारांत दिसतो. मथळ्यांत एवढं बारीक कोण छापतं?

मला त्याहून चक्रावून टाकतं ते एक सूत्र. रक्तातल्या क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडं किती गाळतात याचा अंदाज काढतात. 2009 च्या सूत्रात रुग्ण कृष्णवर्णीय असला की उत्तराला 1.159 ने गुणायचं. त्यांचे स्नायू जास्त, म्हणून क्रिएटिनिनही जास्त, असं गृहीत धरून! आता हिशेब करा. वय सारखं, क्रिएटिनिन सारखं, असे दोन पुरुष. गोऱ्याचं उत्तर 18 आलं, तर दुसऱ्याचं जवळपास 21. प्रत्यारोपणासाठीची प्रतीक्षा मोजायला सुरुवात होते उत्तर 20 किंवा त्याखाली आलं की. म्हणजे एकाचा नंबर लागला, दुसरा अजून रांगेबाहेरच. 2021 मध्ये तज्ज्ञांनी हा गुणक काढायला सांगितलं आणि 2023 पासून अशा रुग्णांचा बुडालेला काळ त्यांच्या खाती जमा होऊ लागला.

लिंगाचा गुणक मात्र सूत्रात अजून आहे. मूत्रपिंडविकार स्त्रियांत जास्त, पण डायलिसिसपर्यंत पोहोचतात जास्त पुरुष. इस्ट्रोजेन काही काळ संरक्षण देतं, हे खरं. पण वयस्क स्त्रिया डायलिसिस नको म्हणतात तेव्हा तो इस्ट्रोजेनचा प्रश्न नसतो.

आणि ज्या अमेरिकन आदिवासींत मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वाधिक, त्यांचं काय झालं? त्यांच्यात मधुमेहामुळे मूत्रपिंडं निकामी होण्याचं प्रमाण 1996 ते 2013 या काळात 54 टक्क्यांनी घटलं. सतरा वर्षांत जनुकं बदलत नाहीत. बदलली ती आरोग्यसेवा: रक्तदाब आटोक्यात, मूत्रपिंडं जपणारी जुनीच औषधं वेळेवर, आणि लघवीतल्या अल्ब्युमिनची नियमित तपासणी. मधुमेह असेल, तर ही तपासणी दरवर्षी करून घ्या. नुसत्या क्रिएटिनिनवर विसंबू नका.