हिरवळीचे अन्न

पुण्याची सारसबाग तुम्ही पाहिली असेल. तेथील विस्तीर्ण हिरवळीवर संध्याकाळी माणसे बसतात, मुले खेळतात. हिरवळ म्हणजे तुमच्या भाषेतील सब्जा. आपल्याकडे अनेक ठिकाणी ती हरळीच्या जातीच्या गवताची असते. माणसांप्रमाणे हे गवतही आजारी पडते.

गवताचे बहुतेक रोग बुरशीमुळे होतात. पाने फार वेळ ओली राहिली, की बुरशी वाढते. एका रोगात गवतावर नाण्याएवढे फिकट ठिपके पडतात. चांदीच्या डॉलर नाण्यावरून त्याला ‘डॉलर स्पॉट’ हे नाव मिळाले. दुसऱ्या एका रोगात मोठे तपकिरी चट्टे पडतात.

रोग दिसला, की आपण लगेच औषध शोधतो. परंतु बुरशीनाशक औषधे विषारी असतात आणि त्याच गवतावर लहान मुले लोळतात. म्हणून आधी गवताचे अन्न तपासावे. हे अन्न म्हणजे खत. उर्दूत ‘खत’ म्हणजे पत्र. मराठीत ‘खत’ म्हणजे खाद!

गवताला मुख्यतः नत्र, स्फुरद आणि पालाश ही तीन द्रव्ये लागतात. नत्रामुळे पाने वाढतात. नत्र कमी पडले, की गवताची वाढ मंदावते. रोगट पानांच्या जागी नवी पाने येत नाहीत आणि डॉलर स्पॉटचे फावते. अशा वेळी थोडे नत्र दिले, तर नवी पाने फुटतात आणि रोगट शेंडे कापणीत निघून जातात.

मग भरपूर नत्र द्यावे का? नाही. जास्त नत्राने पाने कोवळी व लुसलुशीत होतात. त्यांत बुरशी सहज शिरते आणि तपकिरी चट्टे वाढतात. एक रोग उपासमारीचा, तर दुसरा अतिखाण्याचा! ‘अति तेथे माती’ ही म्हण येथे अगदी लागू पडते. १०० किलो युरियात सुमारे ४६ किलो नत्र असते. म्हणून एका वेळी एक चौरस मीटर जागेला १० ग्रॅम युरियादेखील पुरतो. युरिया टाकल्यावर लगेच पाणी द्यावे, नाहीतर पाने करपतात. पालाशामुळे गवत काटक बनते.

जमिनीचीही काळजी घ्यावी. काळ्या चिकण मातीत पाणी साचून राहते. चांगले कुजलेले कंपोस्ट चाळून त्याचा पातळ थर पसरला, की माती भुसभुशीत होऊ लागते. कंपोस्टमध्ये असंख्य उपयोगी सूक्ष्मजीव असतात. ते बुरशीशी अन्नासाठी स्पर्धा करतात आणि तिला वाढू देत नाहीत. अर्धवट कुजलेले खत मात्र वापरू नये. पाणी पहाटे द्यावे, म्हणजे उन्हाने पाने लवकर सुकतात.

कोणते द्रव्य कमी आहे, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी मातीची तपासणी करावी लागते. पुण्यात शिवाजीनगरला १९०७ साली स्थापन झालेले कृषी महाविद्यालय आहे. तेथे माती आणि पिकांचे रोग हे विषय शिकवले जातात. रोग फार पसरला असेल, तर केवळ खताने तो जात नाही. तेव्हा तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

तुमच्या शाळेत किंवा जवळच्या बागेत हिरवळ असेल, तर ती नीट पाहा. ठिपके दिसले, तर माळीकाकांना विचारा : हे गवत उपाशी आहे, की त्याला जास्त खायला घातले आहे?